लाइट ड्यूटी

अहो,

तुमचं नाव घ्यायची सवय कधीच नव्हती, तेव्हा याच हाकेने लिहिते. तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायचं कारण माझे गुडघे! शाळेचे जिने आता चढवत नाहीत. मोठ्या बाई म्हणाल्या, "वर्ग सोडा, खाली लायब्ररीत बसा. नाहीतर राजीनामा द्या. उद्या सांगा."

नितीन म्हणतो, "आई, रिझाइन कर ना! घरी मस्त आराम कर." मस्त म्हणे! आरामाने तुमचं काय झालं, ते या पोराने पाहिलं नाही का?

तुमचीही वेळ अशीच आली होती. अटॅक येऊन गेल्यावर कंपनीने लेथवरून काढून गेटवर लाइट ड्यूटी दिली. "मी टर्नर आहे. गेटपास फाडत बसू?" म्हणालात आणि व्हीआरएस घेऊन एव्हरशाईन कॉलनीतल्या आपल्या घरी येऊन बसलात. केवढा तो ताठा!

रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचात. दुपारी ताट वाढलं तर नको, डबाच भरून हवा. मी हसायचे. नंतर नंतर हसू येईना. भाजीची पिशवी नितीन हातातून काढून घ्यायचा, दळणाचा डबा सून उचलू देत नसे. बी.पी. वाढलं, झोप उडाली, मग साखर निघाली.

एकदाच वटार गावी वाडीवाल्या रामूभाऊंचा पंप दुरुस्त करायला गेलात. "पानी आलं, मिस्त्री!" असं ते ओरडले, हे मला पुन्हा पुन्हा सांगत होतात. त्या रात्री झोपेची गोळी लागली नाही. दुसऱ्या दिवशी नितीन चिडला, "बाबा, तुम्ही हार्ट पेशंट आहात!" आणि तुम्ही गप्प बसलात. का हो? माझ्यावर तर लगेच आवाज चढायचा!

आजारामुळे नोकरी सुटली, हे खरं. पण नोकरी सुटल्यामुळे आजार वाढला का? डॉक्टर म्हणाले, "दोन्ही असू शकतं." एवढ्याने माझं समाधान कसं व्हावं?

मघाशी मी नितीनला म्हणाले, "आठवीला गणित शिकवणारी मी, पुस्तकांवर शिक्के मारत बसू?" आणि चरकले. हे तर तुमचंच बोलणं!

वचन देते, उद्या बाईंना हो सांगेन. शिक्के मारीन, कपाटं पुसेन, कुणी काही म्हटलं तरी घरी बसणार नाही. पण तुम्हाला माफ केलेलं नाही. मी ही लाज गिळायला निघाले आहे. माझ्यासाठी तुम्हाला ती गिळता आली नसती का?

तुमची,
मंदा