चोवीस तासांचा कॅन

मेकन, जॉर्जिया
सोमवार

प्रिय अर्नेस्टीनताई,

समोर असतीस तर आधी तुझ्या गळ्यातच पडले असते, पण तू डेट्रॉइटला आणि माझ्या छातीत नळी, तेव्हा ही मिठी कागदावरच गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भावजी अजून घोरतात का? इकडे सगळे बरे. मीही बरी, म्हणजे ल्युपस झालेली बाई जितकी बरी असते तितकी. तू मार्चपासून फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. डायलिसिसच्या खुर्चीत चार तास बसल्या बसल्या लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधी मोठी बातमी. माझ्या किडन्या परत आल्या! अकरा महिने सोमवार-बुधवार-शुक्रवार मशीन माझं रक्त धुतंय आणि या दोघी आपल्या रुसून बसलेल्या. आता गुपचूप कामाला लागल्यात. डॉक्टर ओकाफोरबाई म्हणतात, ल्युपसमध्ये असं कधीकधी होतं, शरीरच किडनीवर उलटलेलं असतं, औषधांनी ही आतली आग विझली की किडनी हळूहळू डोळे उघडते. मला पहिल्यांदा कळलं ते हायवेवर, एका तासात दोनदा गाडी थांबवावी लागली तेव्हा. (पन्नाशीची बाई पेट्रोल पंपाच्या संडासात आनंदाने रडतेय आणि बाहेर लोक दार बडवतायत, असा तो प्रसंग.)

तर किडन्या किती परत आल्या ते मोजायला बाईंनी एक नारिंगी कॅन दिला. चोवीस तासांची सगळी लघवी त्यात, तीही बर्फात ठेवून, एक थेंब वाया न घालवता. आणि मी शहाणीने वार निवडला रविवार. तोही होमकमिंगचा, ज्या रविवारी गाव सोडून गेलेली सगळी माणसं चर्चला परत येतात तो. (सगळी म्हणजे, एक तू सोडून.) कॅन आइसबॉक्समध्ये घातला, आइसबॉक्स चर्चच्या दाराशी ठेवला आणि गाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या तुझ्या खुर्चीवर बॅग ठेवली, नेहमी ठेवते, दुसरं कुणी बसायला नको म्हणून.

आता हॅटी मावशी तुला ठाऊकच आहे. चाळीस वर्षं तिच्या हाती चर्चचं स्वयंपाकघर. होमकमिंगला जो आइसबॉक्स दारात दिसेल तो जेवणाचाच, त्यात विचारायचं काय! ऐन प्रवचनात मी खिडकीबाहेर बघते तर पेकनच्या झाडाखाली, लिंबाचं सरबत आणि गोड चहाच्या मधोमध माझा कॅन, आणि मावशी पेले मांडतेय. मी उठले ती झगा सावरत, हात वर करून, किंचाळत पळाले.

आपल्या चर्चमध्ये बाई हात वर करून किंचाळत पळाली तर लोक काय समजतात, सांग! ऑर्गनवाल्याने लगेच ठेका धरला. माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. अंगात आलेल्यांना सांभाळणाऱ्या, पांढऱ्या हातमोज्यांच्या चौघी बायकांनी मला कोंडाळ्यात धरलं आणि पंख्यांनी वारा घालायला लागल्या.

"सोडा गं मला, माझा कॅन!"

"सांग बाई, देवाला सांग, सगळं सांग!"

मी जितकी ढकलते तितक्या त्या घट्ट धरतात. अंगात देव संचारलाय म्हणून पाद्रीबाबांनी प्रवचनच थांबवलं. शेवटी एकीच्या काखेखालून निसटले. पोचले तेव्हा रॉस्कोकाकांनी पेला भरून नाकाशी नेला होता. तो हिसकावून मी आधी कॅनमध्ये परत ओतला (एक थेंब वाया न घालवता!) आणि मगच सगळं सांगितलं. तोवर सगळे माझ्यामागे बाहेर आले होते. मग पाद्रीबाबा पुढे आले, त्यांनी कॅनवर हात धरला, त्यांच्यामागे मावशीने, आणि अख्ख्या चर्चने माझ्या लघवीसाठी प्रार्थना केली. काकांनीही केली, जरा लांबून.

मला असं हसू फुटलं ताई, की सवयीने डावीकडे वळून कोपर मारलं, तुझ्या दंडात मारते तसं. ते तेवढ्यात जवळ आलेल्या रॉस्कोकाकांना लागलं.

तुझी आठवण येते गं. फार येते. मार्चमध्ये तुझी किडनी मला जुळली आणि तू घाबरलीस, यात लपून बसण्यासारखं काय होतं? तुझ्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. आता तर प्रश्नच मिटला, माझ्या मला परत मिळाल्या, तुझ्याकडे कुणी मागणार नाही. तेव्हा ये.

तुझी,
व्हर्लीन

ता. क. येताना माझा हिरवा कोट आण. सहा वर्षं झाली, आता उसना नेलाय म्हणू नकोस.

ता. क. तुझ्या लक्षात आलंच असेल, किडन्या परत आलेली बाई डायलिसिसच्या खुर्चीत काय करतेय. कॅन आज सकाळी दिला. डॉक्टरबाई फक्त "बघू या" म्हणाल्यात. आकडा पुढच्या शुक्रवारी दहा वाजता सांगणार आहेत. तो कसाही निघाला तरी तुझी किडनी मागणार नाही, आईची शपथ. बाईंच्या खोलीत पेशंटसाठी दोन खुर्च्या आहेत. डावीवर मी बॅग ठेवून बसेन. आलीस की उचल.