शर्मिलाची होडी आणि माझा टर्बो

३ मे, रविवार. सकाळी ७.१०
गुरुवारी ओरोसच्या कचेरीतून निवृत्त झालो. काल पिकप घरी आणली. टर्बो डिझेल. पुढे पाच माणसं, मागे उघडा हौदा. टर्बो चालू झाला की बारीक शीळ वाजते. काल ती शीळ ऐकायला तोंडवलीच्या रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या.
चारही चाकांना ताकद देणारं मॉडेल बजेटच्या बाहेर होतं. आपलं मागच्या दोन चाकांचं. शोरूममधला विनीत म्हणाला, काका, टॉर्क एवढा आहे की दोन चाकं पुरतात. फोर बाय फोरचा स्टिकर मात्र लावून घेतला. तो फुकट होता.
आजपासून रोजनिशी. रोज किलोमीटर, डिझेल, एव्हरेज लिहिणे. खरं तेच लिहिणे. विनीतने चौदाचं एव्हरेज सांगितलंय.

३ मे, दुपारी
शर्मिलाला गाडी दाखवली. ती म्हणाली, गाडी बरी आसा, पण हिचा करतलात काय? बायकोने असं विचारावं याचं वाईट वाटलं. ओढणार, असं मी सांगितलं. काय ओढणार ते पुढे ठरवू. ताकद आधी असावी लागते, काम मागून येतं.

६ मे
पहिलं एव्हरेज: ८.९.
नोंदीत धरू नये. गाडी नवीन आहे, इंजिन मोकळं व्हायचंय. शिवाय एसी चालू होता. शिवाय शर्मिला बसली होती.

९ मे
एव्हरेज: १९.४.
मी म्हणतच होतो. गावाच्या वरच्या टेंबापासून, म्हणजे टेकडीवरून, खाली घरापर्यंत मोजलं. मीटरवर दिसतं, फोटोही काढला. दाजींना दाखवला. दाजी म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचे सर्वात जुने. पावसाळ्याआधी होड्या पाण्यातून वर घेताना हाळी तेच देतात आणि त्यांच्या हाळीशिवाय इथे दोरी हलत नाही. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, उतारार माझी सायकल पण काय खायत नाय. मोठ्या माणसांना तंत्रज्ञान समजावण्यात अर्थ नाही. विषय बदलला.

१३ मे
ओढायला काही मिळत नाही. आठ दिवस हौद्यात दोरी घेऊन फिरतोय. पाच टनांचा पट्टा ऑनलाइन मागवला, केशरी रंगाचा. पण या जिल्ह्यात हल्ली गाड्या बंदच पडत नाहीत. मालवणच्या रस्त्यावर एक रिक्षा उभी दिसली म्हणून थांबलो, तर रिक्षावाला झाडाआड गेला होता. आल्यावर त्याने नको म्हटलं, तेही जरा तुटकपणे.

१६ मे. रात्रीचं जेवण न करता
जामसंड्याला मेव्हण्याकडे, म्हणजे गुरुप्रसादकडे गेलो होतो. त्याच्या आंब्याच्या टेम्पोची बॅटरी उतरली होती. दोन माणसांनी ढकलला असता तर सुरू झाला असता, असं तो म्हणत होता. मी म्हटलं, घरात टर्बो असताना माणसं कशाला? पट्टा त्याच्या बंपरला बांधला.
इथे एक तांत्रिक मुद्दा नोंदवतो. टर्बोला लॅग असतो. पाय दिला की क्षणभर काहीच होत नाही. म्हणून आणखी पाय द्यावा लागतो. मग सगळी ताकद एकदम येते. गुरुप्रसाद मागून ओरडत होता, मला वाटलं प्रोत्साहन देतोय. टेम्पो गिअरमध्ये राहिला होता हे त्याने आधी सांगायला हवं होतं.
बंपर घेऊन मी चौकापर्यंत गेलो. परत आणून दिला. तरी त्याने चहाही विचारला नाही. सख्ख्या मेव्हण्याने असं वागावं, मनाला फार लागलं. एव्हरेज: ८.१. (बंपर ओढल्यामुळे.)

१९ मे
विनीतला फोन. चौदाचं काय झालं विचारलं. तो म्हणाला, काका, चौदा कंपनीच्या ट्रॅकवर. माझ्याकडे कंपनीचा ट्रॅक नाही, तोंडवलीचा रस्ता आहे, हे त्याला गाडी विकताना दिसत नव्हतं का? काका काका म्हणून गळ्यात मारली. आता फोन उचलत नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्यानेच फसवलं, हे माझ्या आयुष्याचं सार आहे. कचेरीत बढतीच्या वेळीही हेच झालं.

२२ मे. सकाळी
काम सापडलं.
शर्मिलाची होडी. तीच ती पर्यटकांना खाडीत फिरवते. घर त्या होडीवर चालतं असं ती म्हणते. माझी पेन्शन असल्यामुळे मी वाद घालत नाही. आता समुद्र बिघडायच्या आत होडी किनाऱ्यावरून उचलून वर माडांपर्यंत आणायची. राहिली तर पहिल्याच वादळात फळ्या सुटतात. तीन वर्षांपूर्वी खालच्या वाडीतली एक होडी अशी गेली, चार तुकडे झाले.
इथली पद्धत मागासलेली आहे. पौर्णिमा जवळ येते तसं भरतीचं पाणी रोज आणखी वर येतं, तेव्हा होडी तरंगत जमेल तेवढी वर आणतात. पुढे लाकडाचे ओंडके खाली घालून पंचवीस-तीस माणसं दोरीने ओढतात. दाजी हाळी देतात. ज्याची होडी, तो सगळ्यांना चहा आणि भजी देतो. आज एकाची, उद्या दुसऱ्याची, असे आठ दिवस. मी नोकरीत असताना रजा टाकून जायचो. कंबर धरायची.
यंदा आमची होडी टर्बो ओढणार. कुणाच्या उपकाराची गरज नाही. शर्मिलाला सांगितलं. ती उठून होडीची दोरी बघायला गेली, म्हणजे पटलं असावं.

२३ मे
दाजी सांगायला आले होते की उद्यापासून सुरुवात, सकाळी भरतीला या. मी नम्रपणे सांगितलं की यंदा मी येणार नाही आणि मलाही कुणाची गरज नाही. गाडी दाखवली. शीळ ऐकवली. दाजी म्हणाले, सत्यवाना, दोरीक हात लाव, मगे तुझ्या होडीक हात लागतले. मी म्हटलं, दाजी, हातांचा जमाना गेला. त्यांनी स्टिकरवर बोट फिरवलं आणि निघून गेले. थोडं वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

२४ मे
किनाऱ्यावरून हाळी ऐकू येत होती. मी टायरमधली हवा तपासली. कंपनीने सांगितलंय तेवढी, बत्तीस. रोज तपासायला हवी, त्यावर एव्हरेज अवलंबून असतं.
शर्मिला सकाळी बाहेर गेली ती दुपारी आली. येताना कागदात दोन भजी घेऊन आली. गार. कुठून आणली विचारलं नाही. खाल्ली.

२६ मे
एव्हरेज: ७.८. डिझेलमध्ये घालायचं एक औषध मिळतं, ते घातलं.
शर्मिला आजही सकाळची गायब. गाडी बघायला आलेल्या पाहुण्यांचा चहा मलाच करावा लागला. पुन्हा दोन भजी, पुन्हा गार. घरात तेल असताना बाहेरून भजी आणण्याचा हा काय नाद? आणि आणायची तर दोनच का आणायची? मनात आलं ते बोललो. ती म्हणाली, दोनच गावतत. पायांना वाळू लागली होती.

२८ मे
हौदा रिकामा ठेवतोय. वजन कमी, तर डिझेल कमी. दोन फावडी, गोणपाटं आणि फळ्या काढून टाकल्या.
शर्मिलाच्या तळहातांना फोड आलेत. कोकमांचा हंगाम आहे, आमसुलं करताना काळजी घेत नाही. मी मलम आणून दिलं आणि चार गोष्टी समजावून सांगितल्या. घरातल्या माणसांची काळजी घेण्यात मी कमी पडत नाही. भजी दोन, गार.

३० मे
उद्या पौर्णिमा. उधाणाची भरती साडेअकराला. गावची माणसं शेवटच्या होड्यांसाठी तेव्हा जमतील. मी त्याआधीच, आठला, पाणी खाली असताना होडी ओढून माडांपाशी उभी करणार. साडेअकराला लोक येतील तेव्हा मी बॉनेटला टेकून उभा असेन. शर्ट कोणता घालावा ते ठरवलं.
शर्मिला म्हणाली, भरती येव दे, होडी तरंगतली, मगे बघू. तिला टॉर्क म्हणजे काय ते कळत नाही. माझ्या होडीची काळजी तुझ्यापेक्षा मला जास्त आहे, असं मी म्हटलं. होडी माझी आसा, असं ती म्हणाली. शब्दावर शब्द नको म्हणून झोपलो.

३१ मे, रविवार. दुपारी ३.००
घडलेलं क्रमाने लिहितो. कारण उद्या लोक वेगळं सांगतील.
सकाळी ८.०५. गाडी ओल्या वाळूवरून मस्त गेली. पट्टा होडीला बांधला. दुसरं टोक गाडीला. पाय दिला. लॅग. आणखी पाय दिला. सगळी ताकद एकदम आली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरली. हौदा रिकामा, त्यामुळे चाकांवर वजन नाही. टायर बत्तीसला टणक, त्यामुळे पकड नाही. होडी एक वीतही हलली नाही. मी पुन्हा पाय दिला. गाडी खाली गेली. पुन्हा दिला. दरवाजा उघडेना, इतकी खाली गेली. खिडकीतून उतरलो.
८.४५. पाणी चढू लागलं. फावडी घरी होती.
९.१५. लाटा चाकांना लागल्या. होडी हलायला लागली, पण पट्ट्याने गाडीला बांधलेली. प्रत्येक लाटेला ती आडवी होऊन हौद्यावर आपटायची आणि तिची फळी करकरायची. गाठ पाण्याने आवळली होती, सुटेना. मी ओढत होतो, नखं तुटली. होडी फुटणार हे मला दिसत होतं. मी हाका मारत होतो. कुणाला ते आठवत नाही.
शर्मिला कोयता घेऊन धावत आली. छातीभर पाण्यात शिरली आणि तिने पट्टा कापला. पाच टनांचा पट्टा, दोन घावांत. होडी मोकळी झाली तशी तिने पाण्यात उभं राहून ती धरून ठेवली. माझ्याकडे पाहिलंही नाही.
तिच्या मागून दाजी आणि अख्खी वाडी. साडेअकराची वाट न बघता आलेली. त्यांनी माझ्या गाडीला दोरी लावली, चाकांखाली ओंडके घातले आणि दाजींनी हाळी दिली. तीस माणसांनी एकाच क्षणी ओढलं. तिथे लॅग नव्हता. टर्बो पिकप होडीसारखी वर आली. मग भरतीला होडी तरंगत आली आणि तीही वर गेली. शर्मिला दोरीला पुढून तिसरी होती. पोरं तिला जागा करून देत होती, जणू ती रोज तिथेच असते.
रोज तिथेच होती. आठवडाभर. सात होड्या. मला न सांगता, माझ्या पाठीमागे. सगळ्या वाडीला माहीत होतं, मला नव्हतं. मेव्हण्याने फसवलं, विनीतने फसवलं, ते समजू शकतो. पण बायकोने.

३१ मे, संध्याकाळी
इंजिनात खारं पाणी गेलं. शीळ बंद.
भजी आणि चहा शर्मिलाने केला. मी वाटायला उभा राहिलो तर दाजींनी हातातला भज्यांचा तसराळा काढून घेतला आणि म्हणाले, शर्मिलान सात होड्यो ओढल्यान, म्हणान तिची होडी वर इली. गाडी तुझी. गाडयेची फेड तुका करूची लागतली. उद्या माझी होडी आसा, शेवटची.
मी त्यांना सांगणार होतो की फोर बाय फोर असती तर वेगळं चित्र असतं. सांगितलं नाही.

३१ मे, आणखी उशिरा
शर्मिलाला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगलं असतं तर तुमी माका पण थांबवलं असतं, आणि माझी होडी गेली असती. मी म्हटलं, हा विश्वासघात आहे. ती हातांना मलम लावत होती. म्हणाली, होय, आसा, पण कोणाचो? प्रश्न नीट समजला नाही. उद्या विचार करीन.

१ जून
दाजींची होडी. दोरीला सर्वात शेवटी उभा राहिलो. पुढे शर्मिलाची पाठ दिसत होती. हाळीबरोबर ओढलं, कंबर धरली, तळहात सोलले. तिचे हात गेले आठ दिवस कसे असतील याचा अंदाज आला.
गॅरेजवाला म्हणतो टर्बो बदलावा लागेल. एव्हरेज: शून्य. कारण काही लिहीत नाही.
ओढून झाल्यावर सगळ्यांच्या हातावर भजी ठेवली. गरम होती. तिथेच उभ्याने खायची असतात. सगळे खात होते, शर्मिलाने आपली कागदात गुंडाळली. सवयीने गुंडाळली असावीत, मी समोर उभा असूनही.
माणशी दोनच मिळतात.