कंबर धरते, सोडते

दौंड,
२ डिसेंबर २०२४

ती. अनिताअक्कास,
सुलीचा सा. न. वि. वि.

घरातला फोन सासूबाईंकडं असतो आन् मी बोलायला लागले की त्या स्पीकर लावून शेजारी बसतात. म्हणून ही चिठ्ठी जीपवाल्या तात्याबामामांकडं देतीय. ह्यांची कंपनीत डबल ड्युटी चाललीय.

मला सातवा चाललाय आन् कंबर लई दुखती गं. मार्गशीर्षाचे गुरुवार म्हणून शेवंतीचा तोडा जोरात हाय, वाकून वाकून जीव जातो. सासूबाई म्हणतात, आम्ही नऊ महिने भरेपर्यंत पाट्या उचलल्या. कालपासून तर कंबर धरते, जरा वेळानं सोडते, परत धरते. तू आशाताई, गावभरच्या बायांना सांगतीस. मलाबी सांग काहीतरी.

भाचेकंपनीला पापा. आठवण ठेव.

तुझी,
सुली

*

मांडवगण फराटा,
४ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुलक्षणास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

अगं वेडाबाई, सातव्यात कंबर दुखणारच! पोट पुढं आलं की सगळा भार मणक्यावर. घाबरायचं काही कारण न्हाई. सगळ्या बाया ह्यातूनच जातात.

आता ऐक. डाव्या कुशीवर झोपायचं आन् दोन्ही गुडघ्यांमधी उशी घ्यायची. तोडा करायचाच असला तर पाटावर बसून कर. खालचं काही उचलताना कमरेत वाकू नको, गुडघे वाकव. कोमट पाण्यात फडकं पिळून कमरेला शेक. चपला सपाट घाल, तुझ्या त्या लग्नातल्या उंच टाचांच्या आता पेटीत राहू दे. मनानं गोळी घेऊ नको. सासूबाईंना म्हणावं, पाट्या उचलल्या म्हणूनच आज उठता-बसता आई गं करता. (हे मोठ्यानं वाचू नको.)

क्षयरोगाचा सर्व्हे चाललाय, रोज पन्नास घरं हायत, म्हणून घाईत लिहितीय. तब्येतीला जप, आन् माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
अक्का

*

मांडवगण फराटा,
२० डिसेंबर २०२४

चि. सुलीस,
आशीर्वाद.

दवाखान्यात तुझ्याजवळ दोन दिवस बसले, पण सांगायचं ते सांगितलं न्हाई. पोरगी काचेच्या पेटीत होती तवा वाटायचं, वाचली की सांगीन. तिसऱ्या दिवशी ती गेली आन् माझं सांगायचं राहिलं.

घरी आल्यावर तुझी चिठ्ठी परत काढून वाचली. धरते, सोडते, परत धरते, असं तू स्वच्छ लिहिलंवतं. सुले, ती कंबरदुखी नव्हती. त्या बाळंतपणाच्या कळा होत्या, दिवस भरायच्या आधीच सुरू झालेल्या. थांबून थांबून दुखलं की तडक दवाखाना, हे मी सात वर्षं दारोदार सांगतीय. उशी, शेक सगळं आशांच्या कामाच्या पुस्तिकेत बघून तुला लिहिलं, आन् त्याच पुस्तिकेचं पुढचं पान उलटलं न्हाई. मी फोन केला असता तर स्पीकरवर सासूबाईंनीसुद्धा ऐकलं असतं.

तिथं सगळे सासूबाईंना नावं ठेवत होते, फुलांपायी पोर घालवली म्हणून. मी गप्प ऐकून घेतलं. माझी चूक मीच तुला सांगायला पाहिजे होती. आशीर्वाद द्यायचं तोंड न्हाई, तरी देतीय.

अनिता

*

दौंड,
२६ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
नमस्कार.

तुझी चिठ्ठी मिळाली.

तुला एक माहीत न्हाई. पाच तारखेला तुझं उत्तर आलं, त्या दिवसापासून मी तोड्याला गेले न्हाई. उशी घेतली, शेकलं, डाव्या कुशीवर पडून राहिले. दुखणं वाढत गेलं. सहा तारखेला सासूबाई स्वतः म्हणाल्या, सुलक्षणे, हे काही बरं दिसत न्हाई, गाडी बोलावते. मीच नको म्हणाले. त्यांना तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. माझी अक्का आशाताई हाय, तिला जास्त कळतं, असं म्हणाले. त्यांनी हातातला फोन परत ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी गेलं तवा गाडी आली.

आता त्या स्वयंपाक करतात, मला उठू देत न्हाईत आन् चुलीपुढं बसून एकट्या रडतात. लोक त्यांना बोलतात ते मला सहन होत न्हाई.

अजून दूध येतं गं. छाती दगडासारखी होतीय. ते कसं थांबवायचं हे कुणाला विचारू? तुझा राग आलाय. लई आलाय. पण विचारायला दुसरं कुणी न्हाई मला.

ह्या चिठ्ठीला उत्तर लिहू नको. तू ये.

राग हाय तेवढीच मायाबी हाय.

सुली