एकटीच्या ग्रुपमधल्या विहीणबाई

धाकटे,

थोरलीचे आशीर्वाद. तुझा गुडघा, मेहुण्यांचा खोकला आणि तुमच्या वरच्या मजल्यावरची टाचा आपटत चालणारी बाई, सगळं ताळ्यावर असेल असं धरून चालते. मी बरी आहे. डोळे सोडले तर बाकी सगळं जागेवर आहे. तुझा मोबाईल दुरुस्तीला गेलाय आणि शनिवारी मिळणार असं कळलं, म्हणून घाईघाईने लिहायला बसले. मोबाईल हातात आला तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याला बोट लावू नकोस. का, ते सांगते.

शिवणकाम मी अजून सोडलेलं नाही, पण गिऱ्हाईकाच्या फोटोतली कॉलर आहे की पडलेली घडी, हे मोबाईलवर मला दिसेना. म्हणून लेकाने त्याचा जुना टॅब दिला (पाटीएवढा आहे, माझं तिसरीपर्यंतचं शिक्षण पाटीवरच झालं, त्यामुळे जमलं). फोटो काढायचा मोबाईलवर, बघायचा टॅबवर. पण मधलं हातभर टेबल तो ओलांडणार कसा? लेक म्हणाला, वायर लाव. वायर एकाला बसली तर दुसऱ्याला बसेना. मग नातीने व्हॉट्सअ‍ॅप टॅबवरही उघडून दिलं आणि म्हणाली, “आजी, एकटीचा ग्रुप कर. आधी कोणाला तरी आत घे, मग त्याला काढून टाक. उरलीस तू. स्वतःलाच पाठवत बस.” फोटो म्हणे आकाशात जाऊन परत येतो. शेजारच्या खोलीत जायला विमान पकडावं तसं.

यादीत विहीणबाई (सुनेची आई) सगळ्यात वर होत्या, त्यांना घेतलं. आता काढायची वेळ आली तर बोट पुढे जाईना. आपणच या म्हणायचं आणि त्या टेकायच्या आत दार दाखवायचं? सुनेच्या कानावर गेलं असतं तर महिनाभर घरात नुसती भांडी बोलली असती. म्हटलं, राहू देत कोपऱ्यात. तशाही त्या कुठल्याच मेसेजला उत्तर देत नाहीत, म्हणजे बघत नसणार. (अक्कल गहाण पडली ती इथे.)

पुढे लिहायचा कंटाळा म्हणून मापंही त्याच ग्रुपमध्ये बोलून ठेवायला लागले. टॅब बोलतो, मी कापते. पण माझ्या तोंडातून नुसती मापं कधी बाहेर पडलीत? बँकेतल्या साहेबाचा डावा खांदा उतरलाय, म्हणून बोलले, “काम करून नव्हे, बायको त्या बाजूला बसते म्हणून.” मग खुद्द विहीणबाईंचाच कोट शिवायला आला. “विहीणबाई. पोट आत ओढून माप दिलंय. चार बोटं सैल धरायचं, घरी जाऊन श्वास सोडतीलच. रंग ओल्या पोत्याचा. बटणं मोठी लावायची, म्हणजे नजर तिकडे जाईल.”

परवा त्या कोट घालून बघायला आल्या. आरशासमोर उभ्या राहिल्या, भला मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, “चारच बोटं ना? नेमका बसलाय.” माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून वाचले, नाहीतर आणखी काही बोलून बसले असते. सून चहा घेऊन उभी. तिला म्हणाल्या, “तुझ्या सासूबाईंचं माप चुकत नाही हो.” सून आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, “आजच काढते तुम्हाला ग्रुपमधून.” तर माझ्यावरच उसळल्या, “खबरदार! भाजी चिरताना मला तेवढीच करमणूक. आणि त्या बँकेतल्या साहेबाचं पुढे काय झालं?”

म्हणजे आता स्वतःशी बोलायचं तरी विहीणबाईंची मर्जी राखून. (परवापासून आधी घसा साफ करते.)

म्हणून दुसरा ग्रुप केला. त्यालाही सुरुवातीला एक माणूस लागतोच. तुझा मोबाईल बंद, तेव्हा तुला घेतलं. तीन रेकॉर्डिंगं टाकून झाल्यावर नात म्हणाली, मोबाईल सुरू झाला की सगळं मावशीआजीकडे जाऊन पडणार. आता सख्ख्या बहिणीला हाकलायचं म्हणजे विहिणीपेक्षा जड. तेव्हा तू आपल्या पायाने बाहेर हो. ग्रुपचं नाव ‘फक्त मी’. नावावर बोट ठेव, तळाशी लाल अक्षरांत बाहेर पडायचं लिहिलंय. आत डोकावू नकोस.

तुझी,
थोरली

ता.क. तिसरं रेकॉर्डिंग तर मुळीच ऐकू नकोस. त्यात तुझ्याबद्दल काही नाही.

पुन्हा ता.क. थोडंसं आहे. तुला थंडीसाठी कोट शिवायला घेतलाय, न सांगता द्यायचा होता. “धाकटी. कंबर आहे असं ती सांगते. शोधत बसायचं नाही, सरळ शिवायचं,” एवढंच बोललेय. तेही मायेने.

शेवटचं ता.क. तू ऐकणारच, मी काय तुला आज ओळखते? ऐकलंस की दंडाचं माप बरोबर आहे का, तेवढं तिथेच बोल आणि मगच बाहेर पड. कापड टेबलावर पसरलंय, कात्री अडलीय. आणि माप श्वास सोडून घे.