रेवाच्या पत्रातले चौकोन

९ मार्च
विहीणबाईंचा नगरहून फोन. "ताई, रेवाचं पत्र वाचलंत ना? काय गोड लिहिलंय हो पोरीनं!" वाचलं, म्हटलं. कुठलं वाचलं, डोंबल! आमच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन. रिकामे, ओळीच्या ओळी. नितीनचा कॉलेजातला डबा तो. त्याला मराठी धड दिसत नाही, जपानी कुठून दिसणार.
नात माझी, बारशाला नाव मी सुचवलं, आणि पत्र वाचणार ह्या.

१० मार्च
नितीनला जपानला फोन लावला. म्हटलं, तूच वाचून दाखव बाबा. तर हसतो. "आई, रेवाची अट आहे. आज्यांनी आपापलं वाचायचं. आम्ही सांगायचं नाही." दोघींना मिळून एकच मेल पाठवलाय म्हणे. शाळेत अक्षरं शिकली ती दाखवायचीत. मागून सूनबाई ओरडली, "आईला येतं थोडं थोडं वाचायला!" आई म्हणजे तिची आई. येणारच. थंडीभर तिकडे राहून आल्या, पोरीला शाळेत ने-आण केली, आता क्लास लावलाय. माझ्या गुडघ्यांनी मला जाऊ दिलं नाही.
जन्मभर शाळेत पोरांना अ आ इ शिकवलं. आज नातीपुढे अडाणी.

१३ मार्च
परत वि.बां.चा फोन. (एवढंच लिहिणार आता. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.) आज मुद्द्यावर आल्या. मेमध्ये सगळे येणार, सुट्टी जेमतेम. रेवा राहणार कुणाकडे? मी धरूनच चालले होते, राहुरीला. बापाचं घर आहे. वि.बा. म्हणतात, "अहो, पत्रातच आहे ना! मासा, घर, झोपायचंय. मी डिक्शनरीत बघितलं. आणि मासे तर आमच्याकडेच होतात."
ते खरंय. ह्यांना वास सोसत नाही, म्हणून या घरात मटण होतं पण मासा कधी शिजला नाही.
जेवले नाही. ह्यांना ॲसिडिटी सांगितली.

१४ मार्च
कशावरून बरोबर वाचलंय? परवा क्लास लावला आणि आज पंडित? की मुद्दामच... नको, असं लिहू नये. पण मला पडताळायचं कसं? पत्र दिसलंच पाहिजे. एकदा दिसू दे, मग एकेक अक्षर लावत बसेन.
नितीन फोनवर सांगत गेला तसं केलं. कंट्रोल पॅनेल. मग भाषांचं पान. पूर्व आशियाई भाषांपुढे टिक. मशीन म्हणे विंडोजची सीडी घाला. सगळी कपाटं उपसली. शेवटी हे शांतपणे म्हणतात, "ती चकचकीत? परसात डाळिंबाला बांधलीय. पाखरं फार टोचतात."
खरंच होती! गरगर फिरत होती फांदीला. साबणाने धुतली, पुसली, घातली. आत घरघर झाली आणि मशीनने ती बाहेर ओकली. ह्यांना नाही नाही ते बोलले. पाखरांनाही.

१९ मार्च
मासे घेतले. हो, मी. मुळा धरणाचे घेऊन बसते ती बाई बघतच राहिली. "बाई, तुमी आन् मासं?" म्हटलं नात येणार आहे जपानहून. "मंग ह्यो न्या. काटं लई न्हाईत, पोरीला चालंल." हे दार ओढून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले, सरपंचाने वाळीत टाकल्यासारखे. तव्यावर मासा चिकटला, तुटला, वरून जळला. मीच खाल्ला थोडा. घशाखाली उतरेना. वि.बां.च्या हातचा रस्सा आठवला, साखरपुड्याला केला होता. बोटं चाटत होती माणसं. आठवू नये ते नेमकं आठवतं.

२४ मार्च
तीच सीडी नगरला आहे. व्याह्यांचा जुना कॉम्प्युटर याच जातीचा. मागायची म्हणजे कबूल करायचं की इतके दिवस पत्र वाचलंच नाही. दोनदा रिसीव्हर उचलून ठेवला. शेवटी मागितली. एक शब्द टोचून बोलल्या नाहीत, त्याचाच जास्त राग आला. "अहो, त्यात काय! मीच येते घेऊन." पाठवली असती तर बरं झालं असतं.

२७ मार्च, शनि.
आल्या. नवी कांजीवरम, राहुरीला यायला! "व्हा बाजूला ताई, मी करते." म्हटलं, माझं मशीन आहे, मीच करणार. शेजारी खुर्ची दिली. सीडी फिरली, निळी पट्टी सरकत गेली. मध्येच जागा पुरत नाही म्हणून अडलं. ह्यांचे पत्त्यांचे खेळ पुसून टाकले, डाळिंबाचा हिशेब चुकता. मग मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं.
पत्र उघडलं आणि चौकोन गेले. अक्षरं! मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी डोळे भरून आले. मुंग्यांसारखी चालली होती. माझ्या रेवाने एकेक अक्षर शोधून उमटवलेलं.
वि.बां.नी लगेच काचेवर बोट टेकवलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. माझ्या घरात, माझ्या पडद्यावर! हात झटकावासा वाटला. "ही बघा ती ओळ. आजि नो इए दे नेताई. इए म्हणजे घर. नेताई, झोपायचंय. आणि हा मासा. तिकडे मिळतो एक, बांगड्यासारखा."
मी म्हटलं, पहिलं काय वाचलंत?
"आजि."
परत वाचा.
"आजि. मासा हो, आ..." आणि थांबल्या. पदर तोंडाला लावला. मलाही हसू फुटलं. आत हे विचारतायत काय झालं, आम्हा दोघींना बोलता येईना. आजीला मासा करून बसलो होतो!
हसणं ओसरलं तशी दोघींनी ओळ पुन्हा बघितली. आजीच्या घरी झोपायचंय. बरोबर. पण कुठल्या? पोर दोघींना आजीच म्हणते. पुढेमागे शोधलं, नगर नाही, राहुरी नाही. त्यांनी दोनदा वाचलं, आवाज बारीक होत गेला. मला त्यांची कीव आली, आणि बरंही वाटलं. आता त्यांच्याकडे माझ्याहून जास्त काही नव्हतं.
चहा घेऊन निघताना माझा हात धरला. "ताई, फोनवर विचारायचं नाही कुणी. पोरीच्या जिवाला ओढाताण नको. आली की कळेलच." चालेल, म्हटलं. "रेवाची शपथ?" रेवाची शपथ.

३० मार्च
सारखं तेच. ती ओळ उघडून बसते. पहिली दोन अक्षरं आता मला येतात, वहीवर काढून बघितली. हे म्हणतात, "अगं, कुठंही झोपेना का. दोन्ही घरं तिचीच." पुरुषांना सोपं असतं. चार रात्री तिच्याजवळ झोपायला मिळावं एवढंच मागणं आहे माझं. पुढच्या वेळी येईल तोवर ती मोठी झालेली असेल, कुशीत येणार नाही.
नगरला विचारलं तर "तुमच्याकडेही ठेवू की दोन दिवस" म्हणतील. ठेवू! माझीच नात मला उसनी.

४ एप्रिल, रवि.
हे बाजारात. घरात कुणी नाही. रेवा या वेळी घरी असते. शपथ मोडायची नव्हतीच, नुसता आवाज ऐकायचा होता. लावला जपानला. एंगेज. पाच मिनिटांनी परत. एंगेज. मनात काय आलं कोण जाणे, नगरचा नंबर फिरवला.
तोही एंगेज.
बाई गं! रेवाची शपथ घालून गेली होती ही! जपानला परत लावला, या वेळी रिंग गेली. रेवानेच उचलला.
"आजी? परत तू?"
मी "हो गं" म्हटलं, आणि ती काय बोलते ते ऐकत राहिले.