गेरूने लिहिलेला लॉट नंबर

अब्बा,

शेतकरी गटाच्या वेबसाइटवर ‘आमच्याविषयी’ नावाचं एक पान आहे. त्यात मी तुमच्याबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत आणि त्यातल्या दोन खोट्या आहेत, म्हणून आधी त्या दुरुस्त करते. मी लिहिलं की गावातल्या एका पेंटरने न उगवलेल्या कपाशीच्या बियाण्याचा लॉट नंबर बसथांब्यासमोरच्या भिंतीवर लाल ऑइल पेंटने लिहिला होता, आणि दोन दिवसांनी कुणीतरी त्यावर चुना फासला. ऑइल पेंट नव्हता, गेरू होता. चुना कुणी फासला नाही. बादलीभर पाणी आणि पोत्याचा तुकडा घेऊन ती ओळ तुम्ही स्वतः धुतलीत. हापशीवरून पाणी मी आणलं. दोन खेपा.

घरात आपण उर्दूमिश्रित हिंदी बोलायचो, तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण अक्षरं तुम्ही मला मराठीच दिलीत. शाळेत नाव घालण्याआधी दोन वर्षं मी तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून भिंतीभिंतीवर शिकले. त्या काळात नांदुऱ्यापासून सोनाळ्यापर्यंत एकही भिंत रिकामी राहत नव्हती. फुटलेलं पांढरंशुभ्र बोंड, खाली वाणाचं नाव, त्याखाली अळीची चिंता सोडा म्हणून सांगणारी ओळ. तुम्ही नीळ लावलेली सुतळी दोन खिळ्यांना ताणायचात, मी ती बोटाने ओढून सोडायची, भिंतीवर सरळ निळी रेघ उठायची. त्या रेघेला अक्षरं टांगायची. ‘कपाशी’तली वेलांटी मी एकदा अंदाजाने पहिली काढली, तेव्हा तुम्ही ब्रश काढून घेतलात. कामावर असलात की तुम्ही माझ्याशीही वऱ्हाडीतच बोलायचात. “पाहून लेह,” म्हणालात. “मनानं लेहलेलं खोटं राह्यते.” तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट तीनदा पाहून लिहिते. गॅस बंद केला का हेही तीनदा पाहते. हा तुमचाच वारसा आहे आणि तो मला फार जड जातो.

त्या वर्षी नदीकाठच्या शेतांत एकाच लॉटचं बियाणं उगवलं नाही. भीमनगरातली मावशी, जिने दोन एकरांत एकेक बी हाताने दोनदा टोबलं होतं, ती रिकामी थैली घेऊन आपल्या दारात आली. म्हणाली, भाऊ, हे भिंतीवर लेहून टाक, माह्यं तं गेलं, बाकीच्यायनं तरी पेरू नये. वरच्या अंगाची पेरणी तेव्हा व्हायची होती. तुम्ही लगेच उठलात. मला वाटलं, माझ्या बापासारखा माणूस नाही. अक्षरं तुम्ही काढलीत, आणि थैलीवर बघून आकडे मला काढायला लावलेत, कारण आकड्यांवर माझा हात आता बसला होता. लोकांनी वाचावं म्हणून मी लिहिलेली ती पहिली गोष्ट. दोन दिवस मी येता-जाता ती वाचली. तिसऱ्या दिवशी सकाळी बियाण्याचा दुकानदार मोटरसायकलवर आला. उतरलासुद्धा नाही. सगळ्या भिंतींचं काम तोच देत होता. तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, “भिंत त्यायची, रंग त्यायचा. आपले निस्ते हात.” मग बादली काढलीत.

भिंत धुताना मावशी समोरून गेली. ती भांडेल अशी मला भीती होती. ती फक्त थांबली आणि म्हणाली, “गेरूनं लेहलं तवाच समजलं होतं मले.” तुम्ही मान वर केली नाहीत. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. लागला तेव्हा तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं. जाहिराती तुम्ही ऑइल पेंटने काढायचात. त्यातल्या काही अजून आहेत, वर चार थर बसले तरी पावसाळ्यात खालचं बोंड वर येतं. गावाची गोष्ट मात्र गेरूने. लाल रंगाचा अर्धा डबा त्या दिवशी घरात होता अब्बा, मी बघितला होता. म्हणजे लिहितानाच तुम्ही पुसायची सोय करून ठेवली होती. आणि वरच्या अंगाला तीन घरांनी तोच लॉट पेरला.

आता गटाने मला काम दिलं ते असं: एक वेबसाइट करायची, तिच्यावर प्रत्येक सभासदाने आपण कुठलं बियाणं घेतलं, लॉट कोणता, उगवलं की नाही, गुलाबी बोंडअळी केव्हा दिसली, हे स्वतः लिहायचं. बियाणं आणि फवारणीची औषधं विकणारी एक कंपनी तयार वेबसाइट फुकट द्यायला निघाली होती, आणि अध्यक्ष खूश होते. मी नको म्हटलं. का ते मला धड सांगता येईना, पण डोक्यात तुमचंच वाक्य होतं: भिंत त्यांची, रंग त्यांचा. मी म्हटलं ओपन सोर्स घेऊ. त्यावर अध्यक्ष म्हणाले, म्हंजे तेही फुकटच ना, मंग फरक काय? मला इतका राग आला. फुकट ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. डबा उघडून रंगात काय मिसळलंय ते कुणालाही बघता येतं, आपल्याला हवं तसं बदलता येतं, आणि उद्या जागा सोडायची वेळ आली तर सगळा मजकूर उचलून दुसरीकडे नेता येतो. कुणी मोटरसायकलवर येऊन आपल्याला बादली काढायला लावू शकत नाही.

मजकूर सांभाळणाऱ्या अशा तीन सिस्टिम मी जुन्या कॉम्प्युटरवर बसवून पाहिल्या. दोन महिने लागले. दुसऱ्या कुणाला पंधरा दिवस लागले असते. पहिली दिसायला सुरेख, पण तिच्यात सुरक्षेची दुरुस्ती दोन वर्षांत आलेली नव्हती, म्हणजे घर सुंदर आणि कडी मोडकी. दुसरी भक्कम, पण एक रकाना वाढवायचा तरी प्रोग्रामर बोलवा. तिसरी साधी. मावशीच्या सुनेला मोबाइलवरून नोंद करता आली, शोधताना जोडाक्षरं मोडली नाहीत, लिहायचा अधिकार कुणाला आणि प्रसिद्ध करायचा कुणाला हे वेगळं ठरवता आलं. शिवाय तिच्यात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो: कुणी बदललं, केव्हा, आधी काय होतं. तो दिसला आणि मी ठरवून टाकलं. बैठकीत दाखवलं तर अध्यक्षांचा पहिला प्रश्न, “पोरी, यात पुसता येते का नाही?” मी म्हटलं, येते काका, पण मागचं राह्यते. मागे बसलेला एक सभासद म्हणाला, “हे तं आमच्या घरवालीवानी झालं बे, काहीच इसरत नाही.” सगळे हसले, मीही हसले. अध्यक्ष हसले नव्हते, हे मी घरी आल्यावर आठवलं.

गेल्या बुधवारी मावशीने, म्हणजे तिच्या सुनेने, नोंद केली. थैलीचा फोटो, लॉट नंबर, ‘उगवलं नाही’. गुरुवारी सकाळी अध्यक्षांचा फोन. ज्या दुकानातली थैली ते दुकान त्यांच्या जावयाचं. ते ओरडले नाहीत, उलट गोड बोलले. थोडे दिवस बाजूला काढून ठेव, निस्तं बाजूला, तूच तं आमची हुशार पोरगी. मी हो काका म्हटलं. कॉम्प्युटर उघडला, नोंद काढली, पान पुन्हा उघडून पाहिलं. तीनदा पाहिलं, नीट निघाली आहे ना. मला हलकं वाटलं, तेही सांगून टाकते. मग इतिहासाचं पान उघडलं तर सगळ्यात वर माझं नाव, गुरुवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं, नोंद काढली.

दुपारी सुनेचा फोन आला. “ताई, आमचं दिसून नाही राह्यलं.” मी म्हटलं, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. ती बिचारी म्हणाली, बरं ताई, होऊन जाईन. मागे मावशीचा आवाज आला, काय म्हणते ते? सुनेने सांगितलं. मावशी म्हणाली, ठेव फोन. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी तुमच्यावर चिडले आहे, इतकी की तुमच्या ब्रशांचा डबा मी फडताळात आत सरकवून ठेवला. तुम्ही मला सरळ रेघ शिकवलीत, वेलांटी शिकवलीत, आणि कुणी गोड किंवा कडू बोललं की पाणी कसं आणायचं तेही शिकवलंत. पण तुमच्याजवळ निदान एक वाक्य होतं. माझ्याजवळ तेही नाही. या वेळी भिंत आपली होती, रंग आपला होता, मी स्वतः दोन महिने पारखून घेतलेला. हात तेवढे तुमचे निघाले. आणि तुम्ही मावशीला सर्व्हरचा प्रॉब्लेम सांगितला नव्हता. मान खाली घातली होती. तेवढं मी तुमच्या बाजूने लिहून ठेवते. त्याने राग कमी होत नाही.

या वर्षी पाऊस लांबलाय. वरच्या अंगाची पेरणी अजून व्हायची आहे आणि लोक बियाणं घ्यायला थांबले आहेत. काढलेली नोंद परत आणायला एकच बटण आहे. ते दाबलं की इतिहासात तेही दिसेल, माझ्याच नावाने, आणि अध्यक्षांना ते दिसायच्या आधी मी त्यांना फोन करून सांगणार आहे. ‘आमच्याविषयी’मध्ये लाल ऑइल पेंटच्या जागी गेरू लिहीन, आणि पाणी कुणी आणलं तेही. मग भीमनगरात जाऊन मावशीला सांगीन की सर्व्हर चांगला होता.

आज रविवार, दुकानं बंद आहेत. बटण आत्ताही दाबता येईल, समोरच आहे. पण खरं सांगायचं तर मला आजचा एक दिवस हवा आहे, अध्यक्षांची चांगली पोरगी म्हणून शेवटचा. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते तुमच्या ब्रशांच्या डब्यात राहील. बटण उद्या, सोमवारी, सकाळी नऊला. दुकानं दहाला उघडतात.