पोत्यांच्या काट्यावरचा नवस

आई, काल दवाखान्यात एक प्रकार घडला आणि तुझ्याशी जुना वाद पुन्हा काढावासा वाटला. तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक आहे. पण होतीस तेव्हा तरी कुठं सरळ उत्तर द्यायचीस?

दुष्काळाचं साल आठव. झरीच्या शाळेच्या पडवीत तुझी बालवाडी, आणि मी परभणीच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली, संस्कृत नुकतंच डोक्यात गेलेली, भेटेल त्याला न्यायशास्त्र ऐकवणारी. तू कढईत सुकडी परततेयस. गव्हाचं पीठ, गूळ, शेंगदाण्याचा कूट. अशक्त लेकरांना ती रोज द्यायची, पण वजन लिहिल्याशिवाय नाही, असा वरचा हुकूम. तेवढ्यात वरच्या आळीतली एक बाई कडेवर पोरगी घेऊन येते. दोन वर्षांची पोर, अजून उभी राहत नाही. तू वजनाचं नाव काढताच बाई मागं सरते. "तोलू नका, बाई. मारुतीला बोलले मी, पोरगी चालाया लागली की गुळानं तोलीन म्हणून. आदीच तोललं तर नवस उष्टा व्हतो." मी तोंड उघडणार, तर तू डोळे वटारलेस. मग बाईला म्हणालीस, "बरं, मग तुलाच तोलते. तुझा तर कुणी नवस केला न्हाई ना?" ती म्हणाली, "माझा कोण करतंय!" आणि दोघी हसलात.

सोसायटीच्या गोदामातल्या पोती तोलायच्या काट्यावर ती आधी पोरीला घेऊन उभी राहिली, मग पोर माझ्याकडे देऊन एकटी. पोर तोललीच नाही. वजन प्रत्यक्ष नव्हे, अनुमानानं सिद्ध! देवाला अनुमान चालतं का, हे मी तुला विचारणारच होते. पण दोन्ही वेळा काटा जवळजवळ तिथंच थांबला होता. पोत्यांच्या काट्याला ती पोर कळलीच नव्हती. माझ्या एका हातात शब्दरूपांचं पुस्तक होतं, दुसऱ्यावर ती, आणि जड काय हे मला सांगता आलं नसतं. तू वाटी भरलीस आणि म्हणालीस, "घरी नेऊ नको. चौघांत वाटून टाकशील. रोज हितं आणायची, माझ्यासमोर चारायची."

पुढं पीक बरं आलं त्या वर्षी मारुतीच्या पारावर तागडी टांगली. एका पारड्यात गूळ, दुसऱ्यात ती पोर, पाय झाडत, उतरून पळायला बघत. तिची आजी सगळ्यांना सांगायलीय, "मारुतीरायानं उठवली." तू म्हणालीस, "तर काय!" मी कानाशी लागले, "आणि तुझी सुकडी?" तर मला चिमटा. मग मोठ्यानं, "अजून एक ढेकूळ टाका, पोरीचं पारडं जड हाय!" पारडी सारखी होती, आई. मी बघत होते. प्रसाद वाटून उरलेला गूळ तुझ्याच कढईत जाणार होता, म्हणून बोललीस? की पोर जड झालीय हे एकदा गावासमोर म्हणायचं होतं? देवाला दिवाही न लावणारी तू, डोळे पुसून "धूर गेला" म्हणालीस. पारावर चूल नव्हती.

मी जन्मभर कॉलेजात कार्यकारण शिकवलं. पोर कशानं उठली, हे मात्र अजून मला ठरवता येत नाही.

काल नातीला घेऊन गेले होते. वजन वाढत नाही, म्हणून पुडीतली शेंगदाण्याची गोड पेस्ट दिलीय. तुझ्या सुकडीचीच शहरातली भाची. नर्सनं लहान काटा पुढं केला. मी नातीला घेऊन मोठ्यावर उभी राहिले, मग तिला नर्सकडे देऊन एकटी. नर्स म्हणाली, "अवो आजी, लहान काटा हाय की!" मी म्हटलं, "माझंबी बघायचं होतं."

हे पत्र पाठवत नाही, वाचून हसशील. गूळ बोलून बसलेय, आई. कुणाला ते विचारू नकोस.